घरात बसा म्हणता, पण घरच तापलंय त्याचं काय?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘हवामान बदल आणि आरोग्य’ असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे. त्यात डेंग्यू येतो, पूर येतो, दूषित पाणी येतं, पिकं बुडाली की येणारं कुपोषण येतं. पाऊण तासात हे सगळं सांगायला गेलो तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही सगळं विसराल. म्हणून मी फक्त उन्हाळ्याबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडे गोळा करणाऱ्या यंत्रणा बांधणं हे माझं काम. आणि उष्णतेच्या बाबतीत आपला मोठा घोळ आकड्यांचाच आहे, म्हणून बोलायचं धाडस करतोय.

मार्च संपत आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर सूचना येतात. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. सूचना बरोबरच आहेत, मी त्यांची टर उडवत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे घर बाहेरच्यापेक्षा थंड असतं. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी हात वर करा, असं मी इथे म्हणणार नाही. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीपेक्षा समोरच्या लिंबाखाली बरं वाटतं.

मी सोलापूरचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात 42-43 अंश ही बातमी होत नाही. शहर टॉवेलचं आणि विड्यांचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर बघितलं असेल, खिडक्या बहुतेक बंद असतात. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून आत दमटपणा टिकवायचा असतो. वर पत्रा, आत मोटारींची उष्णता, आणि कामगार बारा तासांच्या पाळीत उभा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे मित्र इथे आहेत, त्यांना हे सांगायला नको. विड्या वळणाऱ्या बायका तर घरातच असतात. सूचनेप्रमाणे अगदी ‘घरात बसलेल्या’. पण पंखा लावला तर सुपातली तंबाखू उडते, म्हणून तो बंद. हजार विड्यांचा हिशोब संध्याकाळी द्यायचा असतो.

माझ्या कामाच्या ठिकाणी सर्व्हरच्या खोलीत तापमानाचे सेन्सर बसवलेले असतात. ठरलेल्या अंशाच्या वर पारा गेला की रात्री दोन वाजतासुद्धा कुणाचा तरी फोन वाजतो आणि तो माणूस उठून बघतो. मागावर उभ्या असलेल्या माणसासाठी असा फोन कुणाचाच वाजत नाही. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, ती व्यवस्थेची वस्तुस्थिती आहे. सर्व्हर बंद पडला तर नुकसान किती, हे रुपयांत लिहिलेलं असतं.

आता शरीराचं थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्या शरीराचं तापमान साधारण 37 अंश. शरीर सतत उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकावी लागते. कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा कातडीपेक्षा गरम झाली की हा रस्ता बंद होतो, उलट बाहेरची उष्णता आत यायला लागते. मग एकच उपाय उरतो, घाम. आणि नुसता घाम येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम ओघळतो पण वाळत नाही. म्हणून कोकणातले 37 अंश आणि विदर्भातले 43 अंश यांची तुलना नुसत्या आकड्यावरून करता येत नाही.

दमटपणा आणि तापमान दोन्ही एकत्र मोजायची एक पद्धत आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा सोडायचा. जो आकडा येतो त्याला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. म्हणजे ओलं कापड, किंवा घामाने भिजलेलं शरीर, जास्तीत जास्त किती थंड होऊ शकतं त्याचा अंदाज. 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं की हा आकडा 35 च्या वर काही तास राहिला तर धडधाकट माणूससुद्धा, सावलीत, कपडे काढून, पंख्याखाली बसला तरी वाचणार नाही. नंतर अमेरिकेत तरुण, निरोगी लोकांवर प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की दमट हवेत शरीराची मर्यादा त्याच्या बरीच आधी, 31 च्या आसपासच संपते. ही गोष्ट तरुणांची. सत्तरीच्या दादीची मर्यादा त्याहून खालीच असणार.

शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं. म्हणजे हृदयाला जादा काम. घामातून पाणी गेलं की रक्त कमी पडतं, म्हणजे आणखी जादा काम. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं. तरुणाला यात थकवा येतो. ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे, मधुमेह आहे, ज्याला लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्याला झटका येतो. आणि दाखल्यावर काय लिहिलं जातं? हृदयविकाराचा झटका. ‘उष्णता’ हा शब्द कुठेच येत नाही. याकडे मी परत येणार आहे.

अजून एक, रात्र. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री सावरायला वेळ मिळतो. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते ओकत राहतो. मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या मोहल्ल्यातल्या काही घरांत तापमान आणि दमटपणा नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवली होती. स्लॅबखालच्या एका खोलीत रात्री एक वाजताही आतला आकडा बाहेरच्यापेक्षा वर होता. त्या घरातली मंडळी आधी गच्चीवर झोपायची. आता शेजारी चार मजली इमारत झाली, तिच्या खिडक्या थेट गच्चीवर उघडतात, म्हणून बायका-मुली खालीच झोपतात. हवामान खात्याच्या तापमापकाला हे दिसण्याचं कारण नाही. तो मोकळ्या जागेत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तसाच ठेवायला हवा, नाहीतर गावागावांची तुलना होणार नाही. पण तो हवेचं तापमान सांगतो, आपल्या खोलीचं नाही.

कुणीतरी म्हणेल, ऊन तर पूर्वीही होतं. होतं. भारताचं सरासरी तापमान 1901 पासून 2018 पर्यंत साधारण 0.7 अंशांनी वाढलं, असं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल सांगतो. जगाचं सरासरी तापमान 2024 मध्ये औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत पहिल्यांदाच दीड अंशाच्या वर गेलं. पाऊण अंश, दीड अंश ऐकून कुणाला घाम फुटत नाही. पण सरासरीचा खेळ वेगळा असतो. दहावीच्या निकालात सगळ्यांना सरसकट दोन मार्क वाढवून दिले तर सरासरी दोनच मार्कांनी वाढते. पण नव्वदच्या वर जाणाऱ्यांची रांग एकदम लांबते. तापमानाचं तेच आहे. सरासरी थोडी सरकते आणि टोकाचे दिवस, सलग टोकाच्या रात्री, कितीतरी वाढतात.

आता तीन घटना सांगतो. पहिली आपल्याकडचीच. 16 एप्रिल 2023, नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम. लाखो लोक उघड्या मैदानात, भर दुपारपर्यंत. 14 माणसं गेली. त्या दिवशी तिथलं तापमान होतं 38 च्या आसपास. सोलापूरकर हसेल असा आकडा. पण समुद्राजवळची दमट हवा, डोक्यावर मांडव नाही, आणि गर्दीतून उठून बाहेर पडणं अवघड. आपले जलसे, इज्तेमा, वराती, मोर्चे यांच्या वेळा ठरवणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दुसरी कराचीची. जून 2015. रमजान नुकताच सुरू झाला होता. समुद्रावरचा वारा थांबला, पारा 45 च्या जवळ गेला, वीज वारंवार जात होती. काही दिवसांत हजाराहून अधिक माणसं दगावली. शवागारात जागा उरली नाही. त्यात मजूर होते, रस्त्यावर राहणारे होते, दाट वस्तीतले म्हातारे होते. जिवाला धोका असेल तर रोजा सोडावा, असं तिथल्या उलेमांनी त्या दिवसांत जाहीरपणे सांगितलं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत कुरआननेच दिलेली आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण बांधकामावरचा रोजेदार स्वतःला आजारी समजत नाही आणि चक्कर येऊन पडेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही.

इथे एक गणित मांडतो, कारण तुम्ही बहुतेक जण विशीतले आहात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत फेरा पूर्ण होतो. 2018 मध्ये आपण मेच्या मध्यापासून रोजे धरले होते. तो सध्या थंडीकडे सरकतोय, त्यामुळे काही वर्षं आराम आहे. पुन्हा मे महिन्यात येईल तो 2051 च्या आसपास. तेव्हा तुम्ही पंचेचाळिशी ओलांडलेली असेल, तुमचे अम्मी-अब्बा सत्तर-ऐंशीचे असतील, आणि मे महिना आजचा नसेल.

तिसरी घटना 2024 च्या हजची. 17 जूनला मक्केत मस्जिद-ए-हरामच्या ठिकाणी 51.8 अंशांची नोंद झाली. त्या हजमध्ये 1,301 लोक मरण पावले, हा सौदी सरकारचाच आकडा. आणि त्यांनीच सांगितलं की मृतांपैकी 83 टक्के लोकांकडे अधिकृत परवाना नव्हता. परवाना नसल्याने त्यांना उन्हात लांबलांब चालावं लागलं. थंड तंबू नाही, बस नाही, विसाव्याची जागा नाही. ऊन सगळ्यांवर सारखंच पडत होतं. एहराम सगळ्यांच्या अंगावर सारखाच होता. पण तंबूत कोणाला जागा होती यावर कोण परत आलं हे बऱ्याच अंशी ठरलं. लोक म्हणाले, किती नशीबवान, मक्केत मौत आली. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण परवाना न मिळालेला माणूस दलालाला आयुष्यभराची कमाई देऊन तिथे का जातो, आणि तिथे गेल्यावर त्याला सावलीसुद्धा का मिळत नाही, हा प्रश्न नशिबाचा नाही.

आता मोजण्याकडे येतो. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. 21 मे रोजी पारा 46.8 अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी साधी गोष्ट केली. उष्माघाताने किती गेले हे दवाखान्यांना विचारण्याऐवजी त्यांनी त्या महिन्यातले शहरातले सगळे मृत्यू मोजले आणि मागच्या-पुढच्या वर्षांच्या त्याच काळाशी ताडून बघितले. नेहमी साधारण 3,100 व्हायचे तिथे 4,462 झाले होते. म्हणजे 1,344 माणसं जास्त. कोविडच्या वेळी ‘जादा मृत्यू’ हा शब्द आपण ऐकला, ती हीच रीत.

आकडा समोर आल्यावर महापालिकेला हलावं लागलं. 2013 मध्ये अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. किती अंशांना कोणता इशारा, पाणपोया कुठे, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, हे सगळं आधीच लिहून ठेवलं. मला त्यातली शारदाबेन रुग्णालयाची गोष्ट फार आवडते. नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला. उष्णतेमुळे बाळं अतिदक्षता विभागात येण्याचं प्रमाण घटलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त मजला बदलला. पण त्यासाठी बाळं का तापतायत हे कुणीतरी नोंदवहीत बघावं लागलं.

आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथ्या भागाहूनही कमी आहेत. आपल्या मोहल्ल्यात तर म्हातारा माणूस घरी गेला की असरपर्यंत दफन उरकतं. कारण विचारलं तर ‘तबियत ठीक नव्हती’. मात्र आपल्याकडे एक जागा अशी आहे जिथे तारीख जवळपास हमखास लिहिली जाते, ती म्हणजे कब्रस्तानची नोंदवही. तारीख, वय, पत्ता. दहा वर्षांच्या नोंदी काढल्या, एप्रिल-मेचे दफन इतर महिन्यांशी ताडले, त्या शेजारी हवामान खात्याचं रोजचं तापमान मांडलं, तर काहीतरी दिसायला लागेल. एका कब्रस्तानचे आकडे फार लहान असतात, त्यावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका. दहा-पंधरा गावांचे एकत्र केले तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर कागद ठेवता येतो. स्मशानभूमीची नोंदही घ्यायला हवी, पत्रा हिंदू-मुसलमान बघून तापत नाही. एका ठिकाणी ट्रस्टींनी मला वही दाखवायला नकार दिला, ‘याचं राजकारण होईल’ म्हणून. दुसऱ्या गावात मुजावर चाचांनी स्वतः चहा पाजून चार वह्या काढून दिल्या. विचारत राहायचं.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग मारला तर खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. तेलंगणाने 2023 मध्ये याचं सरकारी धोरणच केलं. चुना स्वस्त आहे, पहिल्या पावसात बराच धुतला जातो, पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागतो. भाडेकरूने का मारायचा आणि मालकाने का मारायचा, हे भांडण होणार, ते आधी मिटवा.

मशिदी. कूलर, पंखे, पाणी, थंड फरशी, सगळं आहे, आणि दोन नमाजांच्या मधे बऱ्याच ठिकाणी कुलूप. उन्हाळ्यात दुपारी जमातखाना हमालांसाठी, फेरीवाल्यांसाठी, कोणत्याही धर्माच्या माणसासाठी उघडा ठेवायला अडचण काय? कडक उन्हात जोहरची नमाज थोडी उतरत्या उन्हात पढण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच. मोहर्रममध्ये आपण सबील लावतो, मे महिन्यात लावायला कुणाची मनाई नाही. आणि बायकांसाठी जागा कुठे, हे त्याच बैठकीत विचारा. इफ्तारच्या आधी दोन तास चुलीपुढे उभी असणारी तीच असते, आणि कामावर शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारीही तीच असते. इथल्या मुलींनी हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला मांडावा.

उष्माघाताची खूण पाठ करा. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपतेय. घाम येत असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नका. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, जाड कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. बाई असेल तर बायकांनी चादरीचा आडोसा धरावा, पण पाणी ओतणं थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही. हवा चाळीसच्या वर असेल तर कोरड्या अंगावर नुसता पंखा गरम झोतच मारतो, आधी अंग ओलं करा. आणि घरात कुणाला इन्सुलिन असेल, फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर बाटली पिशवीत घालून ओल्या माठात ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

कब्रस्तानच्या नोंदींसाठी मी एक तक्ता केला आहे, मराठीत आणि उर्दूत. तारीख, वय, स्त्री की पुरुष, मोहल्ला, घरी की दवाखान्यात. नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, तो भरूही नका. तापमान नोंदवणारी सहा यंत्रं माझ्या पिशवीत आहेत, ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी आधी मागावीत. एप्रिलच्या सुरुवातीला लावायची, जूनअखेर परत द्यायची. आता प्रश्न विचारा.